मुळं आली की येते

वेल्ह्याच्या स्टँडवर एसटी लागली होती आणि आईच्या हातातल्या गाठोड्यातून चिखलाचं पाणी गळत होतं. भाताची आवणी आदल्या दिवशीच उरकली होती. तिच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, त्यांना हळद-तेल लावून ती वाडीवरची सगळी उतरण टाचांवर चालत आली होती. मी खिडकीत बसले, शेजारी दत्ता, माझा नवरा. आईनं ते गाठोडं खिडकीतून आत दिलं. आत सीतेची वेणी होती. आमच्या घरामागच्या हिरड्याच्या झाडावर वाढते ती, रानातल्या ऑर्किडची जात. ज्येष्ठात तिचे गुलाबी-पांढरे तुरे वेणीसारखे खाली लोंबतात, आणि आमच्या वाडीतल्या बाया पहिला तुरा मेंगाईदेवीला वाहिल्याशिवाय डोक्यात घालत नाहीत. तिथलंच एक लहान झाड आईनं सालीवरून सोलून काढलं होतं, मुळांना खाचरातल्या चिखलाचा गोळा लिंपला होता आणि वरून ओलं फडकं घट्ट बांधलं होतं. भाताच्या रोपांची मूठ बांधावी तसं.

कंडक्टर ओरडला, "मावशी, लेकीनं पुन्यात खाचर घेतलंय का? गाडी घाण हुतीय सगळी!"

आई म्हणाली, "तुज्या गाडीला आदीच काय कमी वास हाय व्हय? वाजव की घंटी."

सगळी गाडी हसली. मीही हसले. त्या हसण्यात गाडी सुटली, आणि आईचं तोंड नीट बघायचं राहून गेलं.

पुण्यात नव्हतं जायचं आम्हाला. पुण्याहून रेल्वेनं खाली केरळात, त्रिशूरच्या बाजूला जायचं होतं. तिथं मी आज इतकी वर्षं आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी आणि वाडीत राहिलेल्यांसाठी हे लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा सातवीला सुटली. हायस्कूल खाली होतं, आणि ओढ्याला पाणी आलं की पोरींना कोण सोडणार? पुढं मी कामथडीला मावशीकडं राहिले आणि शिवऱ्याजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये कामाला लागले. जरबेराची फुलं तोडायची, कागदाच्या टोप्या घालायच्या, टेम्पोत भरायची. दत्ता तो टेम्पो चालवायचा. तिथले सुपरवायझर केरळचे होते. ते गावी परतून ऑर्किडची नर्सरी काढणार होते, त्यांनी आम्हा दोघांना विचारलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. राहायला खोली दिली, पोरांना शाळा मिळाली, आजारपणात कुणी दारात उभं राहिलं नाही असं कधी झालं नाही. तरी भीती जात नाही. गॅस बंद केलाय का ते मी अजून दोनदा बघते. वाडीतून फोन आला की आधी छातीत धस्स, मग हॅलो.

आईनं दिलेलं झाड पोचेपर्यंत कुजलं. रेल्वेतच वास यायला लागला होता. फडकं सोडलं तर मुळं काळी, बोटांनी दाबली की साल निघून हातात येत होती. मी आईला फोनवर तसंच सांगितलं.

"पानी कमी पडलं आसंल," आई म्हणाली.

"आई, पाण्यानंच मेलं ते."

"पान्यानं कुठं झाड मरतं व्हय? तुमच्या तितलं पानीच वायट." आणि मग, "दुसरं दीन. तू ये तर खरी."

आम्ही भाताची माणसं. रोप उपटलं की ते दुपारच्या आत चिखलात उभं राहिलं पाहिजे, आणि चिखलावर पाणी पाहिजे. उपटलेलं रोप कोरडं ठेवणं म्हणजे आमच्याकडं पाप. तो हात घेऊन मी नर्सरीत आले.

तिथं लीलाचेची होत्या. चेची म्हणजे ताई. त्यांनीच मला झाडं मोडायला शिकवलं. मोडणं हा माझा शब्द. कुंडी भरून गेली की एका झाडाची दोन-तीन करायची, म्हणजे नवे फुटवे येतात. कुंडी आडवी करायची, कडेनं थापट्या मारायच्या, आणि मुळांनी मातीच्या कुंडीला घट्ट धरलं असेल तर झाड ओढायचं नाही, कुंडी फोडायची. जुनी नारळाची शेंडी कुजून भुसा झालेली असते, ती झाडून टाकायची. तपकिरी, पोकळ मुळं कापायची, पांढरी टणक ठेवायची. मग ब्लेड ज्योतीवर धरून मधल्या जोडावर एकच काप. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन जुनी खोडं ठेवायची, वाळकी, पानं झडलेली असली तरी. मी पहिल्यांदा ती टाकून द्यायला निघाले तर चेचींनी माझ्या हातातून काढून घेतली. नवा फुटवा पहिली फुलं देईपर्यंत त्या वाळक्यांच्या अंगातलंच खातो, असं त्यांनी मला खुणांनी सांगितलं. तेव्हा भाषा येत नव्हती.

कापावर हळद लावायची. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं यांत बसवायचं, काठीला बांधायचं. आणि मग माझा हात आपसूक पाइपाकडं गेला. चेचींनी मनगट धरलं.

"वेळ्ळम वेण्डा, मोळे."

पाणी नको, पोरी. माझं पहिलं मल्याळम वाक्य ते. कापलेलं झाड काही दिवस सावलीत, कोरडंच ठेवायचं. जखम सुकू द्यायची. त्या दिवसांत ते मलूल दिसतं, पानांना सुरकुत्या पडतात, आणि माझ्यासारखीला ते बघवत नाही. पण तेव्हाच पाणी घातलं की आतून कुजतं. आणि हलता कामा नये. नवं मूळ टोकाला हिरवं, लुसलुशीत असतं. झाड नुसतं डुललं तरी ते टोक घासून मरतं. म्हणून बांधणी घट्ट. आणि मुळांनी एकदा धरलं की तीच बांधणी सोडायची, नाहीतर ती खोडात रुतते.

हे सगळं मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायचे. कोळशातलं झाड बघून ती हसायची. "अगं, चुलीत लावताय का काय? मग फुलं यायच्या आदी भाकरीच थापा की!"

अण्णा, माझे वडील, गेले त्यानंतर ती वाडीवर एकटी राहिली. भाऊ संतोष धायरीला असतो, रिक्षा चालवतो. त्यानं तिला नेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती दोन आठवडे राहिली, आणि एक दिवस पिशवी भरून खाली उतरली आणि वेल्ह्याच्या गाडीत बसली. संतोषनं मला फोन केला, "आक्के, तूच ने तिला. तुझ्याकडं खाली जमीन तरी हाय." माझ्याही मनात तेच होतं. रात्रंदिवस डोक्यात एकच. वाडीत आता म्हाताऱ्या माणसांची पाच-सात घरं. पडली-बिडली, विंचू चावला, तर तिला खाली कोण आणणार? शेजारच्या शेवंताकाकू आहेत, पण त्यांचेच गुडघे गेलेले. मी आईला म्हणत राहिले, ये. हितं ऊन-पाऊस तुझ्यासारखाच हाय, भात हाय, फणस हाय. नातवंडं हायत.

ती नको म्हणाली नाही. त्यानंच फसले मी.

त्या वर्षी हिरड्यावरच्या वेणीला बुडाशी एक पिल्लू आलं. आमच्या नर्सरीतली झाडं खोडांच्या झुपक्यांनी वाढतात, ती मोडता येतात. वेणीचं तसं नाही. तिचं एकच खोड, ते कापलं तर सगळं गेलं. पण कधी नशिबानं बुडाशी पिल्लू येतं, आणि त्याला स्वतःची मुळं फुटली, चांगली तीन-चार बोटं लांब झाली, की ते वेगळं काढता येतं. त्याच्या आधी काढलं तर मरतं. आईनं फोन झाडाजवळ नेऊन मला पिल्लू दाखवलं आणि मी तिला हे सगळं सांगितलं.

"मंग आसं करू," ती म्हणाली. "हिला मुळं आली की हिला घिऊन येते. मागल्या येळी नासलं ते तुला द्यायचंच हाय मला."

मी चेचींना सांगितलं, आई येणार. खोलीत खाटेची जागा केली. दत्तानं पत्र्याखाली आणखी एक मोरी बांधली. दर रविवारी मी फोन करायचे आणि पहिला प्रश्न तोच.

"आली का मुळं?"

"न्हाई बाई आजून. ह्ये एवढं एक आलंय, हिरव्या मिरचीच्या देठाएवढं."

पुढच्या रविवारी, "आलं हुतं, पन आळीनं खाल्लं." मग थंडी होती म्हणून. मग उन्हाळा कडक म्हणून. फोन झाडाजवळ ने म्हणलं की रेंज जायची. मी इथं बसून तिला सांगायचे, आई, सकाळी शिंतोडा मार, नुसता शिंतोडा. ती म्हणायची, व्हय, मारते. मीच तिला शिकवत होते आणि मीच वाट बघत होते.

शिमगा झाल्यावर शेवंताकाकूंचा फोन आला. आई बांधावरून घसरली, उजवा हात मोडला. संतोषनं खाली नेऊन प्लास्टर घातलं आणि ती परत वाडीवर जाऊन बसली. मी निघाले. दोघींची परतीची तिकिटं काढूनच निघाले. मिरजेला उतरून एसटी धरली. सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडला, तेव्हा एरवी मला जे वाटतं, आता आपला जिल्हा लागला, ते वाटलंच नाही. डोक्यात एवढंच होतं की तिला उचलायचं आणि आणायचं. चेलाडी फाट्याला उतरून वेल्ह्याची गाडी, आणि तिथून चढ.

आई अंगणात बसून डाव्या हातानं चिंचोके फोडत होती. मला बघून म्हणाली, "आली? वाळलीस. तितं खायला घालत न्हाईत का फुलंच हुंगायला लावत्यात?"

मी पिशवी ठेवली आणि सरळ घरामागं गेले. का गेले, सांगता येत नाही. हात आधी बघायचा तर झाड बघायला गेले.

पिल्लाला मुळं होती. हातभर. जाड, रुपेरी, आईच्या झाडाच्या मुळांत मिसळून हिरड्याच्या सालीवर खाली पसरलेली. अशी मुळं दोन महिन्यांत होत नाहीत. हे माझं काम आहे, मला कळतं.

आई मागं येऊन उभी राहिली होती. प्लास्टरचा हात गळ्यातल्या फडक्यात.

"दिसली व्हय?"

"कवापासनं हायत?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीपासनं."

मी मुळांवरून बोट फिरवत राहिले. ती म्हणाली, "आता बोल की. शिव्या घाल. लेकीला फसिवलं म्हन."

"आई, मी खाट आणली गं तुझ्यासाठी."

"व्हय. संतू बोलला." मग तिनं डावा हात हिरड्याच्या बुंध्याला लावला आणि मोठ्या झाडाकडं, पिल्लाच्या आईकडं, मान केली. "मला आता खरं सांग. तुज्या नर्सरीत त्ये तुमी एवढं शिकला. ह्ये एवढं म्हातारं झाड, ह्येला हितनं काडून तितं लावलं तर लागंल?"

मी वाकून बघितलं. मुळं सालीच्या भेगांत शिरली होती. काही तर सालीखालीच. नखानं एक उचलून पाहिलं. ते साल सोडत नव्हतं. नर्सरीत गिऱ्हाइकाला सांगावं तसं तोंडातून गेलं, "न्हाई. ह्याला हलवायचं न्हाई. समदी मुळं तुटतील."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

आई जिंकल्यासारखं हसली असती तर मी भांडले असते. ती नुसती म्हणाली, "हळद आनते. पोरीला काडून घे."

पिल्लू काढायला सकाळ गेली. ब्लेड चुलीवर धरलं. एक एक मूळ सालीपासून सुटं करताना आई डाव्या हातानं झाड धरून होती आणि मी तिच्यावर ओरडत होते, हलवू नको, हलवू नको. काप दिला. दोन्हीकडं हळद लावली. तिनं तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी दातांनी फाडली आणि मुळं गोळा करून बुडाशी खोडाला बांधली, गाठही तिनंच मारली, डाव्या हातानं. मग तिच्यानं राहवेना. तांब्या घेऊन आली.

"जरासं शिपडू? लांबचा परवास हाय तिचा."

"वेण्डा!" माझ्या तोंडून निघालं.

"काय म्हन्लीस?"

"नको म्हणाले. त्यांच्यात नकोला वेण्डा म्हणतात."

"वेण्डा," ती म्हणाली. परत म्हणाली. तो शब्द तिला आवडला. मी निघाले तेव्हा स्टँडवर मला सोडायला तिला येता येईना, तर ती उतरणीच्या तोंडापर्यंत आली. तिचं तिकीट माझ्या पर्समध्येच होतं. मी एकदा शेवटचं म्हणाले, "आई, अजून गाडी हाय. चल." ती डावा हात वर करून म्हणाली, "वेण्डा, मोळे." मोळे मी तिला कधी शिकवलं, आठवत नाही. फोनवर चेचींच्या तोंडून ऐकलं असेल. या वेळी मी तिचं तोंड नीट बघून घेतलं. त्याचा आनंद मानते.

झाड मी कोरडं आणलं. वर्तमानपत्रात, मांडीवर.

नंतर शेवंताकाकू सांगायच्या, आई वाडीभर सांगत फिरली. "माज्या लेकीनं तपासलंय मला. हलवायची न्हाई म्हनली. मुळं तुटतील." संतोष न्यायला आला की त्यालाही तेच. डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी तसं. तो चिडून मला फोन करायचा, "आक्के, काय सांगून ठेवलंस तिला?"

ती पौषात गेली. सकाळी चूल पेटली नाही म्हणून शेवंताकाकू बघायला गेल्या, तर अंथरुणातच. पडली नाही, विंचू चावला नाही. मी ज्याला ज्याला भ्यायले त्यातलं काहीच झालं नाही. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. वाडीत मयत थांबवून तरी किती ठेवणार? माझी वाट न बघता संतोषनं अग्नी दिला, ते बरोबरच होतं. घराला कुलूप लावून आम्ही दोघं बहीण-भाऊ हिरड्याखाली जरा उभे राहिलो. मोठं झाड होतं तसं होतं. मी पिल्लू कापलं होतं तिथली जखम सुकून काळी झाली होती, आणि त्याच्या शेजारी नवं मूळ सुटलं होतं. संतोष म्हणाला, "ह्ये पन काडून न्यायचं का?" मी नको म्हणाले. मराठीतच म्हणाले. तो दुसरा शब्द तोंडातून येईना.

आता वाडीतून फोन आला तरी छातीत धस्स होत नाही. शेवंताकाकू असतात, पाऊस किती, कोण आलं-गेलं ते सांगतात. मी शांतपणे हॅलो म्हणते. या शांतपणाचं मला फार वाईट वाटतं. माझ्यासारखी बाहेर असलेली, ज्यांना अजून धस्स होतं, त्यांना एवढंच सांगते की होऊ द्या. घर तिथं शिल्लक आहे म्हणून होतं.

पोरं मला विचारतात, आपलं घर कुठलं? त्यांचं ठरलेलं आहे, ती मल्याळममध्ये भांडतात आणि मल्याळममध्ये झोपेत बोलतात. मी म्हणते, वेल्ह्याच्या वरची वाडी. तिथं कुलूप आहे. इथं खोली आहे, चेची आहेत, फोडलेल्या कुंड्यांचा ढीग आहे, आणि ही खोली सोडून कुठं जावं असं मला आता वाटत नाही. दोन्ही खरं आहे. दोन्हींत माझं मन अर्धं अर्धंच लागतं.

सीतेची वेणी मी खोलीमागच्या फणसावर बांधली, आईनं मारलेली गाठ न सोडता, त्याच चिंधीच्या लांब टोकांनी. आल्यावर बरेच दिवस ती मलूल होती, पानं चिपाडासारखी. मी पाणी घातलं नाही. घालावंसं रोज वाटलं. फुललेली नाही अजून. या पावसाळ्यात मात्र मुळांची टोकं हिरवी झाली आणि फणसाच्या सालीवर चालायला लागली.

परवा लीलाचेची मागं आल्या. त्यांनी झाड पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आईच्या लुगड्याची चिंधी अजून खोडाभोवती तशीच होती, आणि खोड तिथं जरा आवळल्यासारखं झालं होतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी किती नव्या पोरींना शिकवलं आहे. मुळांनी धरलं की बांधणी सोडायची.

गाठ आईची होती. डाव्या हातानं मारलेली, उलटी. सुटेना. कापायचं ब्लेड खिशात होतं, पण ते काढलं नाही. नखांनी, दातांनी सोडवली, बराच वेळ लागला, चेची तोवर थांबल्या. चिंधी हातात आली. हळदीचा डाग तसाच होता.

मग नेहमी करते तसं बोटानं झाड जरासं हलवून पाहिलं. हललं नाही.